रणभूमि-दर्शनाच्या सहली : नव्ह शापेलच्या निमित्तानें एक परीक्षण

मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेनंतर आपल्यापैकीं सहा सभासदांनीं पहिल्या महायुद्धांतील पश्चिम आघाडीची रणभूमि पाहण्यास जाण्याचा मनोदय प्रकट केला, व कोणत्या सहलींत नांवें नोंदवावीं याचा निर्णय करण्याचें काम मजवर सोंपविलें. त्या प्रांतांतून मी दोनदां जाऊन आलों आहें, एवढीच माझी पात्रता. निरनिराळ्या ठिकाणांहून माहितीपत्रकें मागविलीं तों अकरा जमा झालीं. तीं वाचून माझें जें मत झालें तें सहा जणांपुरतें न ठेवतां येथें मांडीत आहें. कारण ही निवड दिसते तितकी किरकोळ नाहीं. आपण ग्रंथाचें परीक्षण करतों, बखरीचें करतों. परंतु ज्या कागदाच्या भरंवशावर मनुष्य हजारों मैल जातो आणि ‘मीं इतिहास प्रत्यक्ष पाहिला’ असें म्हणत परत येतो, त्या कागदाचें परीक्षण मात्र कोणी करीत नाहीं.

प्रत्यक्ष हें प्रमाणांत पहिलें, हें खरें. पण नैयायिकांनीं त्यालाही अटी घातल्या आहेत. इंद्रियाचा विषयाशीं संनिकर्ष झाला पाहिजे, आणि त्यांतून होणारें ज्ञान निश्चित व अव्यभिचारी असलें पाहिजे. मोटारगाडीच्या कांचेंतून पन्नास मैलांच्या वेगानें जें दिसतें तें प्रत्यक्ष म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न मी विनोदानें विचारीत नाहीं. ऐतिहासिक कागदांत ‘सैन्य उजवीकडे सरकलें’ असें एक वाक्य असतें. तें कां सरकलें हें पुष्कळदां कागद सांगत नाहीं, जमीन सांगते. पण ती विचारणाऱ्यालाच सांगते. जदुनाथ सरकारांसारखे पंडित वृद्धापकाळापर्यंत स्थळें पाहत हिंडले ते केवळ हौसेखातर नव्हे.

मार्गदर्शकास पैसे देऊन रणभूमि पाहण्याची चाल युरोपांत जुनी आहे. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजीं झाली व त्याच उन्हाळ्यांत तेथें प्रेक्षकांची रीघ लागली. त्या लढाईंत घोडदळांतून लढलेला एडवर्ड कॉटन पुढें सार्जंट-मेजर होऊन तेथेंच स्थायिक झाला. येईल त्यास मैदान दाखवूं लागला, सांपडलेल्या वस्तूंचा संग्रह त्यानें मांडला, आणि लढाईवर स्वतःचें पुस्तकही लिहिलें. १८४९ मध्यें तो वारला. साक्षीदार, क्षेत्रोपाध्या आणि ग्रंथकार हे तिघे एकाच देहांत क्वचितच भेटतात. पण त्याच्या हयातींतच जमीन पालटली होती. १८२० ते १८२६ या वर्षांत तेथें सिंहाचा प्रचंड टेकाड रचला गेला, आणि त्यासाठीं माती खणली ती वेलिंग्टनच्या सैन्यानें ज्या उंचवट्याचा आश्रय केला होता त्याच्याच अंगाची. म्हणजे स्मारक उभें राहिलें आणि पुरावा गेला. आज प्रेक्षक त्या टेकाडावर चढून खालीं पाहतो. त्याला जें दिसतें तें त्या दिवशीं कोणत्याही सेनापतीला दिसलें नव्हतें.

पहिल्या महायुद्धाच्या भूमींत ही चाल फार झपाट्यानें वाढली. मिशेलिन या टायरांच्या कारखान्यानें १९१७ पासून, म्हणजे तोफा चालू असतांनाच, रणभूमींचीं सचित्र मार्गदर्शक-पुस्तकें काढण्यास आरंभ केला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत मृतांच्या गरीब आप्तांस इंग्लंडांतून नेऊन आणण्यासाठीं धर्मादाय संस्था निघाल्या. त्या यात्रांना यात्रा म्हणणें योग्य होतें. जाणाऱ्या बाईला लढाईचा नकाशा नको होता, एक कबर पाहिजे होती. सातारा, गढवाल किंवा जालंदर येथील मातेला मात्र ती सोय मिळण्याचा संभवच नव्हता. ही गोष्ट मी येथेंच नोंदवून ठेवतों, कारण आजच्या माहितीपत्रकांतील कित्येक उणिवांचें मूळ तींत आहे. सहलींचे मार्ग आंखले गेले ते ज्यांचे आप्त येत होते त्यांच्या पायवाटांवरून. ज्यांचे कोणी आले नाहींत त्यांचीं स्थळें त्या मार्गांच्या बाहेर राहिलीं.

आतां अकरा माहितीपत्रकांकडे वळूं. त्यांपैकीं आठांचा मुक्काम बेल्जममधील ईप्र या गांवीं आहे. इंग्रज सोजिरांच्या जिभेवर या नांवाचें ‘वायपर्स’ झालें होतें. मुक्काम ईप्रला असण्याचें कारण उघड आहे. गांवाच्या पूर्व वेशींत २४ जुलै १९२७ रोजीं उद्घाटन झालेली मेनिन कमान आहे; तीवर कबर न सांपडलेल्या पन्नास हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलेलीं असून त्यांत कांहीं शतें हिंदी आहेत. कमानीखालीं रोज रात्रीं आठ वाजतां बिगुल वाजवून मृतांस मानवंदना देतात. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन अंमलाचा काळ वगळला तर १९२८ पासून हा प्रघात अखंड आहे. समारंभ गंभीर आहे. मी तेथें उभा राहिलों तेव्हां माझेही डोळे कोरडे राहिले नाहींत. परंतु सहलीच्या दृष्टीनें याचा परिणाम विचित्र झाला आहे. आठ वाजतां ईप्रला परत आलेंच पाहिजे, जेवण त्याच्या आधीं झालेंच पाहिजे; म्हणून दिवसाचा सर्व हिशेब या घटकेपासून मागें मोजीत जातात. ईप्रपासून जें जवळ त्यास वेळ भरपूर. जें लांब त्यास उरेल तेवढा. नव्ह शापेल हें गांव दक्षिणेस फ्रान्सच्या हद्दींत, रस्त्यानें अदमासें चाळीस किलोमीटरांवर आहे. अकरांपैकीं सहा पत्रकांत त्याचें नांवच नाहीं. चारांत आहे तें ‘वाटेंत हिंदी स्मारकास भेट’ या शब्दांत. एकांतच ‘रणभूमि’ हा शब्द त्या गांवाशीं जोडलेला मला आढळला.

माझी पहिली सहल त्या चारांच्या जातीची होती. कोणाची तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बेल्जममध्यें नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्यानें नांव नोंदवून दिलें होतें. दिवसांत नऊ स्थळें होतीं. मार्गदर्शक गृहस्थ ईप्रविषयीं बोलतांना खरोखरच रसाळ होते. चिखल, विषारी वायु, पॅशेनडेलचा उतार हें सर्व त्यांनीं फार उत्तम समजावून दिलें, आणि टाइन कॉट येथील सुमारें बारा हजार कबरींमधून हिंडतांना ते गप्प राहिले याचें मला कौतुक वाटलें. नव्ह शापेलला आम्ही उतरलों तेव्हां सूर्य कलला होता. गाडी वीस मिनिटें थांबेल असें सांगण्यांत आलें. ते म्हणाले, “येथें शीख आणि गुरखे लढले. मार्च १९१५.” मी विचारलें, “ऑक्टोबर १९१४ मधील लढाई कोणत्या अंगाला झाली?” त्यांनीं हातांतला कागद प्रामाणिकपणें पाहिला आणि म्हणाले, “तें आपल्या कार्यक्रमांत नाहीं.” उत्तर खरें होतें, त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. कार्यक्रम त्यांनीं आंखला नव्हता.

स्मारक भव्य आहे. सर हर्बर्ट बेकर यांनीं त्याची योजना केली असून ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्तें तें खुलें झालें. वर्तुळाकार आवार, त्याच्या एका अंगास भरींव भिंत व तीवर नांवें, दुसऱ्या अंगास दगडी जाळी, आणि प्रवेशापाशीं अशोकस्तंभाच्या धर्तीवरचा, कमळ धारण करणारा, जवळ जवळ पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, दोहों बाजूंस वाघ. कबर न मिळालेल्या चार हजार सातशेंहून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नोंद येथें आहे. स्तंभावर ईश्वर एक आहे व विजय त्याचाच आहे अशा आशयाचें वचन इंग्रजींत, आणि त्याच जातीचीं वचनें अरबी, देवनागरी व गुरुमुखी लिपींत कोरलीं आहेत. वीस मिनिटें एवढ्यांतच संपतात. स्मारकाच्या जाळीबाहेर बीटाचें व मक्याचें रान सपाट पसरलेलें दिसतें, आणि गाडींत बसतांना मनुष्याच्या मनांत अशी समजूत पक्की होते कीं रणभूमि म्हणजे हें आवार. तीर्थाला जाऊन क्षेत्रोपाध्याच्या ओसरीवरूनच परतावें तसा हा प्रकार आहे.

दुसऱ्या वेळीं मी निराळ्या रीतीनें गेलों. एक निवृत्त फ्रेंच शिक्षक हिंवाळ्यांत चार-पांच माणसांस घेऊन दोन दिवस याच एका गांवाभोंवतीं पायीं हिंडवितात असें पुतण्याला कळलें. ते अठरा स्थळें दाखवीत नाहींत. दाखवितात तें सुमारें तीन किलोमीटरांचें रान. त्यांच्या पिशवींत खंदकांच्या जुन्या लष्करी नकाशांच्या प्रती, पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्यांचे उतारे आणि एक होकायंत्र होतें. (हे नकाशे आतां स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें सर्वांस पाहण्यास खुले केले आहेत, व मूळ दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील सरकारी दप्तरखान्यांत आहेत, घरीं बसूनही सभासदांस हा अभ्यास करतां येईल.) प्रथम त्यांनीं जें दाखविलें त्यांत पाहण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि तेंच महत्त्वाचें होतें. येथील जमिनींत दोन हात खणलें कीं पाणी लागतें. म्हणून या भागांत खोल खंदक करतां येत नसत. जमिनीवर मातीच्या पोत्यांचे छातीएवढे बांध घालून त्यांआड शिपाई बसत. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांनीं ते बांध मोडून जमीन सारखी केली. इतरत्र जसे जपून ठेवलेले खंदक दिसतात तसे येथें एकही दिसत नाहींत, याचें हें एक कारण; आणि सहलीवाले या गांवास ‘पाहण्यासारखें नाहीं’ म्हणून वगळतात याचेंही हेंच कारण. व्हिमीच्या टेकडीवर पोत्यांच्या जागीं सिमेंट ओतून खंदक टिकविले आहेत. ते पाहून मुलांना आनंद होतो, मलाही झाला. पण तेथें सिमेंटाला विचारण्यासारखा प्रश्न मला सुचला नाहीं. उघड्या रानांत मात्र एकामागून एक सुचूं लागले.

त्यांतील एक सांगतों. १० मार्च १९१५ रोजीं सकाळीं साडेसात वाजतां ब्रिटिश तोफांनीं पस्तीस मिनिटें भडिमार केला व आठ वाजून पांच मिनिटांनीं पायदळ निघालें. हेग यांच्या सैन्यांतील हा हल्ला अर्धा ब्रिटिश व अर्धा हिंदी असा होता. हिंदी कोअरचे सेनापति सर जेम्स विल्कॉक्स. मीरत डिव्हिजनच्या गढवाल ब्रिगेडनें आघाडी केली. तिच्या डाव्या टोंकास ३९ व्या गढवाल रायफल्सची दुसरी पलटण होती. तींतील गबर सिंग नेगी या शिपायानें खंदकाच्या वळणावळणांतून शत्रूस मागें रेटीत नेलें व तो तेथेंच पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मध्यें लीस्टरशायरचे गोरे व गुरखे; हे सर्व थोड्याच वेळांत गांवांत शिरले. परंतु उजव्या टोंकाची गढवाल्यांची पहिली पलटण निघतांच उजवीकडे सरकली. जेथें तोफांनीं तारा तोडल्या होत्या ती वाट सोडून, जेथें एकही तार तुटली नव्हती अशा कुंपणावर ती जाऊन आदळली. तरीही तिनें खंदकाचा कांहीं भाग घेतला; पण पुढें गेलेल्या कंपन्यांचे सर्व ब्रिटिश अधिकारी मारले गेले आणि हल्ल्याच्या रेषेंत एक खिंडार राहिलें.

पुस्तकांत या प्रसंगास ‘दिशा चुकली’ एवढाच शेरा सांपडतो. संस्कृतांत यास दिग्भ्रम म्हणतात, आणि तो शब्द वाचून आपलें समाधान होतें. कांहीं ग्रंथकार त्यापुढें जाऊन हिंदी शिपाई, परकी मुलूख, धूर, गोंधळ अशीं कारणें सुचवितात व वाचकाच्या मनांत न बोलतां एक न्यूनत्व पेरून ठेवतात. आमच्या मार्गदर्शकांनीं आम्हांस स्मारकाच्या चौकांत उभें केलें. यासच त्या वेळीं इंग्रज ‘पोर्ट आर्थर’ म्हणत. उत्तरेकडे जाणारा एस्तेर–ला बासे रस्ता दाखवून ते म्हणाले, “ब्रिटिश फळी या रस्त्याच्या अंगानें खालीं येत होती.” मग पश्चिमेकडे जाणारा र्‍यू द ब्वा हा रस्ता दाखविला. “आणि येथें वळून ती या अंगानें जात होती. आतां आपापल्या बांधाकडे पाठ करा आणि सरळ पुढें चाला.” आम्ही चौघे चार ठिकाणीं उभे होतों, पन्नास पावलें जातांच आमच्यांतील अंतर वाढूं लागलें. फळीला जेथें कोंपरा असतो तेथें ‘सरळ पुढें’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक माणसागणिक बदलतो. गांव डावीकडे, पण कोंपऱ्याच्या खालच्या अंगास उभा असलेला शिपाई बांधावरून सरळ उडी टाकील तर त्याचें पाऊल उजवीकडेच पडेल. भोंवतीं खूण म्हणावी असें कांहीं नाहीं. घरें पडलेलीं, झाडें तुटलेलीं, धूर. त्या पलटणीचा मार्ग याच कारणानें चुकला असें कागदांत कोठें लिहिलेलें मीं वाचलें नाहीं. हें अनुमान आहे आणि तें मी अनुमान म्हणूनच पुढें ठेवतों. पण तें करण्यास लागणारा हेतु मला चौकांत मिळाला, ग्रंथांत मिळाला नव्हता.

दुपारीं आम्ही गांवापलीकडे ले नांवाच्या ओढ्यापर्यंत गेलों. ओढा म्हणजे शेताच्या बांधालगतचा पाट. तो ओलांडून डेहराडून ब्रिगेडचे गुरखे त्या संध्याकाळीं बिएच्या वनाच्या कांठापर्यंत पोंचले होते, आणि बाजूचें सैन्य वर न आल्यामुळें रात्रीं त्यांना मागें घ्यावें लागलें. वन अजून आहे. त्यामागें ओबेरची धार आहे. जिच्यासाठीं ही सगळी लढाई झाली ती धार इतकी ठेंगणी आहे कीं आपल्या देशावरील शेतकरी तिला टेकडी म्हणणार नाहीं. तीन दिवसांत हिंदी कोअरचे चार हजारांहून अधिक लोक मृत, जखमी वा नाहींसे झाले. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हां धार जर्मनांकडेच होती.

आतां ऑक्टोबरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या दृष्टीनें तीच अधिक जवळची आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य मार्सेय बंदरीं उतरूं लागलें. महिन्याभरांतच तें या भागांत तुकड्यातुकड्यांनीं फळींत घातलें गेलें. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत जर्मनांनीं नव्ह शापेल घेतलें, आणि २८ तारखेस तें परत घेण्यास ४७ वी शीख पलटण व तिच्या जोडीस ३ ऱ्या सफरमैनांच्या २० व २१ या दोन कंपन्या पाठविल्या. सोबतीस ९ व्या भोपाळ पलटणीचे कांहीं लोक होते. या सफरमैनांचें ठाणें म्हणजे आपली खडकी. मराठे, मुसलमान आणि शीख अशी त्यांत मिश्र भरती असे. पूल बांधणें, सुरुंग लावणें, वाटा काढणें हें त्यांचें शिक्षण. उघड्या रानांतून संगिनी रोखून गांवावर चालून जाणें हें नव्हे. परंतु दुसरें पायदळ हाताशीं नव्हतें म्हणून कारागिरांना शिपाई केलें. तें रान त्यांनीं ओलांडलें, गांवांत शिरले, घराघरांतून झुंज झाली. पाठीमागून कुमक आली नाहीं. उलट हल्ला आला, आणि उरलेले परत फिरले. दोन कंपन्यांचे सर्व ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले. सुमारें तीनशें लोकांपैकीं शंभरांवर कामास आले वा जायबंदी झाले. विल्कॉक्स यांच्या १९२० मधील ग्रंथांत, तसेंच मेरेवेदर व सर फ्रेडरिक स्मिथ यांच्या युद्धकाळांतच लिहिलेल्या इतिहासांत या दिवसाचें वर्णन आहे. हे सर फ्रेडरिक स्मिथ म्हणजेच पुढें स्मारक खुलें करणारे लॉर्ड बर्कनहेड. म्हणजे ज्याच्या हातानें स्मारकाचा पडदा दूर झाला त्यालाही हा दिवस ठाऊक होता. सहलींच्या पत्रकांना ठाऊक नाहीं, कारण त्या दिवशीं गांव हातीं राहिलें नाहीं, आणि इतिहासांत त्या झुंजीला स्वतंत्र लढाईचें नांव मिळालें नाहीं. माझ्या मतें या पत्रकांचा मुख्य दोष हा आहे. तीं स्थळें निवडीत नाहींत, तारखा निवडतात. आणि ज्या तारखेस नांव नाहीं तिचे मृत त्यांस दिसत नाहींत.

मार्गदर्शकांनीं आम्हांस पश्चिमेकडून, म्हणजे सफरमैनांच्या बाजूनें, गांवांत नेलें. नोव्हेंबर होता, बीट उपटून झालें होतें. बुटांना एवढा चिखल लागला कीं पाऊल जड झालें. त्यांनीं दैनंदिनींतील उतारा वाचून दाखविला व “हा उतारा मागणारे तुम्हीच पहिले” असें म्हणाले. मला त्यांत आनंद वाटला नाहीं.

संध्याकाळीं स्मारकाच्या भिंतीवर ३ ऱ्या सफरमैनांचा फलक मी शोधला व नांवें उतरून घेतलीं. येथें एक अडचण आली ती मूळ संस्कृत शिकलेल्या मनुष्यास विशेष बोंचते. वचन देवनागरींत आहे, पण माणसांचीं नांवें रोमन लिपींत. त्या लिपींत ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद राहत नाहीं. ऱ्हस्वदीर्घाची तर गोष्टच सोडा. कारकुनानें कानांनीं ऐकून लिहिलेलें नांव दगडावर कोरलें गेलें, आणि आतां तें कोणत्या घराचें हें दगडावरून ठरत नाहीं. युद्ध-समाधि आयोगाच्या नोंदवह्यांत पुष्कळ हिंदी नांवांपुढें पित्याचें नांव, गांव, जिल्हा दिलेला असतो. तेवढ्यावर कांहीं नांवें पुन्हा देवनागरींत आणतां येतील. ही नोंदवही बरोबर ठेवणारी सहल मला अकरांत एकही आढळली नाहीं. ज्यांच्या भिंतीसमोर लोकांना उभें करावयाचें त्यांचीं नांवें वाचतां यावींत एवढी अपेक्षा अवास्तव नसावी.

याच चौकाजवळ पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमि आहे. अठराशेंहून अधिक कबरी. एप्रिल १९१८ मध्यें ही फळी त्यांच्या हातीं असतां जर्मनांनीं ती फोडली. गोमंतकांतून आलेल्या आमच्या एका सोबत्यानें तेथें बराच वेळ घालविला. एकाच रानांत तीन लढाया. नऊ स्थळांच्या सहलींत ही गोष्ट कोणाच्या लक्षांत येण्याचें कारण नाहीं.

मराठी सैनिकांची सर्वांत मोठी स्मशानभूमि फ्रान्सांत नाहींच, हें मला ठाऊक आहे, व कोणी सभासद तो आक्षेप घेईल तर तो योग्य ठरेल. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत पूना डिव्हिजनमध्यें होत्या. कूटच्या वेढ्यांत सांपडून २९ एप्रिल १९१६ रोजीं त्यांस शरण जावें लागलें. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांखेरीज इतर हिंदी शिपायांचीं नांवें कोरलींच नाहींत, संख्या दिली. अशा विषम वागणुकीची कबुली आयोगानें २०२१ मधील आपल्या अहवालांत दिली आहे. फ्रान्समधील लाहोर व मीरत डिव्हिजनांचें पायदळ १९१५ च्या अखेरीस तेथून हलवून याच कूटच्या सुटकेसाठीं धाडलें होतें. मार्सेयपासून कूटपर्यंत तो माग धरून जाणारी सहल माझ्या पाहण्यांत आली नाहीं. तोंपर्यंत जेथें जातां येतें तेथें नीट जावें.

मोठ्या सहलींना सरसकट वाईट म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना एकदांच जावयाचें आहे, ज्यांना केवळ मृतांस नमस्कार करावयाचा आहे, त्यांनीं त्या खुशाल पत्कराव्या. ईप्रच्या त्या बिगुलाचा अनुभव पायीं हिंडून मिळणाऱ्या अनुभवापेक्षां हलका नव्हे. संशोधनाच्या नांवानें जाणाऱ्यानें मात्र पत्रक हातीं येतांच स्थळें किती हें मोजूं नये. एका ठिकाणीं पाय जमिनीवर किती तास राहणार, हें विचारावें. मार्गदर्शकाला आधीं पत्र घालून एखादी बिननांवाची तारीख विचारावी. तो काय उत्तर देतो यापेक्षां उत्तर कोठून काढून देतो हें पाहावें. ‘मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों’ असें लिहिणारा मनुष्य मिळाला तर दर थोडा अधिक असला तरी त्यास सोडूं नये. ऋतूचाही विचार व्हावा. जुलै-ऑगस्टांत मका पुरुषभर उंच असतो व रानाचा उतार दिसत नाहीं. पत्रकांतील सुंदर छायाचित्रें मात्र त्याच महिन्यांतलीं असतात. थंडी सोसत असेल तर कापणीनंतर, नाहीं तर मार्चच्या आरंभीं जावें. शेतें खासगी आहेत हें विसरूं नये. बांधाबांधानें चालावें, आणि गंजलेला गोळा दिसल्यास त्यास हात लावूं नये. शंभर वर्षांनंतरही ते फुटतात.

सहाही सभासदांशीं बोलून मीं अकरावें, ‘रणभूमि’ हा शब्द वापरणारें पत्रक पसंत केलें. तेंही तसेंच न ठेवतां थोडें बदलून घेतलें. त्यांच्या कार्यक्रमांत नव्ह शापेलला अर्धा दिवस होता. आम्ही सोमची एक बाजू सोडून दिली व तो दीड दिवस केला. एका सभासदास सोम सुटल्याचें वाईट वाटलें, व तें स्वाभाविक आहे. निघणें मार्चच्या पहिल्या आठवड्यांत आहे. ईप्रचा मुक्काम एकाच रात्रीचा ठेवला आहे. पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही पश्चिमेच्या अंगानें, २८ ऑक्टोबरच्या वाटेनें गांवांत शिरणार आहों. सफरमैनांच्या फलकावरील नांवांची माझी प्रत मंडळाच्या दप्तरांत ठेवली आहे. सातारा, पुणें, रत्नागिरी या भागांतील ज्या घरांत त्या काळच्या पेन्शनचे कागद, पदकें किंवा फ्रान्सांतून आलेलीं पत्रें असतील त्यांनीं तीं फेब्रुवारीअखेरपर्यंत दाखविल्यास जातांना नांवें ताडून पाहतां येतील.